विषय यादीत आहे, वर्गात नाही

२०२५ च्या कोजागिरीस आपल्या मंडळाची बैठक आमच्या गच्चीवर भरली होती. दूध आटेपर्यंत गप्पा रंगल्या आणि बोलता बोलता विषय निघाला तो मुलांच्या अकरावीचा. आमच्या नातीला मानसशास्त्र घ्यावयाचे होते, असे आम्ही सहज सांगून गेलो. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी हातातला पेला खाली ठेवून विचारले, "का हो, घरात कोणाचे काही बिघडले आहे का?" सारी मंडळी हसली. आम्हीही हसलो. पाहुणे पांगल्यावर मात्र त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली, कारण नात जिन्याच्या तोंडाशी पेल्यांचे तबक घेऊन उभी होती आणि तिने ते सारे ऐकले होते.

प्रश्न विचारणारे गृहस्थ आमचे जुने स्नेही आहेत. त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांनी जे विचारले ते कटंगीतल्या दहापैकी नऊ मराठी घरांत विचारले गेले असते. म्हणूनच त्याचे उत्तर खाजगीत न देता या अंकातून द्यावे, असे आम्ही ठरविले.

आधी घडलेली हकीकत सांगतो. नात २०२५ च्या मे महिन्यात दहावी उत्तीर्ण झाली. गुण बरे होते, म्हणजे तिला काय आवडते हे कोणी विचारण्याचे कारण उरले नव्हते. बरे गुण असलेल्या मुलीने जीवविज्ञान घ्यावे आणि नीटच्या परीक्षेला बसावे, हे आमच्याकडे जवळजवळ कुळाचारासारखे झाले आहे. तिने मात्र एके दिवशी आमच्याजवळ येऊन सांगितले, "आबा, माणसे जशी वागतात तशी का वागतात, ते मला शिकायचे आहे." आम्ही तिला घेऊन शाळेत गेलो. शाळेचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही शाळेत गेलो असतो तरी बहुधा हेच ऐकावे लागले असते. प्राचार्य सज्जन होते. आम्ही निवृत्त अधिकारी म्हणून त्यांनी चहाही मागविला. संभाषण अर्थातच हिंदीत झाले. त्याचा मथितार्थ असा की, हा विषय मंडळाच्या यादीत आहे, त्याची परीक्षाही होते, परंतु आमच्या वर्गात तो नाही. शिक्षकाचे पद मंजूर नाही. पद मागावे तर विद्यार्थी दाखवावे लागतात आणि विद्यार्थी यावेत तर शिक्षक असावा लागतो. "साहेब, एका मुलीसाठी मी वर काय लिहू? दहा मुले आणा, मग लिहितो."

आम्ही सदतीस वर्षे शासनाची चाकरी केली. पदासाठी विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांसाठी पद, ही फिरती आम्ही दवाखान्यांच्या, पटवारी हलक्यांच्या आणि हातपंपांच्या बाबतीतही पाहिलेली आहे. एरवी तिची चीड येण्याचे वय आमचे उलटून गेले. पण बाहेर पडताना नात म्हणाली, "यादीत नसता तर एवढे वाईट वाटले नसते." अखेर तिने जीवविज्ञान घेतले. तिच्या वडिलांना समाधान झाले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

आता गंमत पाहावी. शासनाचे मानसशास्त्राशी वैर आहे म्हणावे, तर तसे मुळीच नाही. प्राथमिक शिक्षक व्हावयाचे तर पात्रता परीक्षेच्या दीडशे प्रश्नांपैकी तीस प्रश्न बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे असतात. म्हणजे मुलाचे मन कसे घडते हे ज्याला सांगता येत नाही, त्याने खडू हाती धरू नये. आमच्या मध्य प्रदेशच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाची चौथी प्रश्नपत्रिका आहे, तिच्या नावातच तत्त्वज्ञान आणि लोकप्रशासन यांच्या शेजारी मानसशास्त्र बसले आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तो ऐच्छिक विषय आहे आणि दिल्लीच्या शिकवणीवर्गांत त्याला गिऱ्हाईकही आहे. म्हणजे जो शिकविणार त्याला मन कळले पाहिजे, जो कारभार पाहणार त्यालाही कळले पाहिजे; आणि ज्याच्या मनाविषयी एवढा खटाटोप, त्या सोळा वर्षांच्या मुलाने तेवढे त्याबद्दल काही जाणू नये. वर्ग एकच्या शिक्षकांच्या भरतीच्या जाहिराती आम्ही सवयीने वाचतो. तीत आमच्या भागासाठी मानसशास्त्राची जागा आमच्या नजरेस कधी पडलेली नाही. 'माध्यमिक शिक्षा मंडल' ही पाटी वाचून आपल्या घरी येणारे विदर्भातले पाहुणे दरवेळी तोच विनोद करतात, की तुमच्याकडे शिक्षणाला शिक्षा म्हणतात. या एका बाबतीत तो विनोद आम्हांस आताशा फारसा विनोद वाटत नाही.

असो. शासनाला बोल लावणे सोपे आहे, आणि निवृत्त माणसाला तर ते शोभूनही दिसते. आमचे मुख्य भांडण आपल्याच लोकांशी आहे.

आपल्यापैकी पुष्कळांचे म्हणणे असे की, मनाचा विचार आपल्याला परक्यांनी शिकवावा असे काय आहे? समर्थांनी २०५ मनाचे श्लोक लिहून ठेवले, गीतेत मनोनिग्रह सांगितला, वारकरी संतांनी मनाला नाना परींनी समजाविले. भोसल्यांच्या अमलात आपले पूर्वज वैनगंगेच्या या अंगाला आले, तेव्हा देवघराबरोबर हे धनही त्यांनी आणले. ते सारे खरे आहे, आणि आमच्या घरी मनाचे श्लोक आजही संध्याकाळी म्हटले जातात. परंतु मन कसे असावे हे सांगणे निराळे आणि मन कसे आहे हे तपासणे निराळे. समर्थ मनाला सज्जन म्हणून संबोधतात आणि त्याला वाट दाखवितात. ते गुरूचे काम आहे. मानसशास्त्राचा अभ्यासक मनाला वाट दाखवीत नाही. ते कोठून कसे गेले, याची पावले मोजतो. विहिरीचे पाणी पवित्र मानणाऱ्याने त्याची तपासणी करू नये असे नाही. आपल्या तालुक्यात आपण ती करून घेतोच, आणि त्याने विहिरीचा अपमान होत नाही.

हे मोजणे म्हणजे काय, ते आम्हांलाही ठाऊक नव्हते. बी. ए. ला आमचे विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. शाळेत नकार मिळाल्यावर आम्ही नागपूरहून महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, अकरावी व बारावीची मानसशास्त्राची पुस्तके मागविली. नव्या अभ्यासक्रमाची ही पुस्तके २०१९ आणि २०२० सालची असून स्वच्छ मराठीत आहेत. नातीची शाळा हिंदीत, घर मराठीत. तेव्हा रात्री जेवणे आटोपली की ती वाचून दाखवी आणि आम्ही ऐकत असू. एके रात्री एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाची माहिती निघाली. याने १८८५ साली स्मृतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थ असलेले शब्द एकमेकांत गुंततात आणि आधीच्या ओळखीने लक्षात राहतात, म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट बनविले, ते स्वतःच पाठ केले, किती वेळाने किती विसरलो हे वर्षानुवर्षे मोजले. त्याला आढळले ते असे की, विसरणे सावकाश आणि सारख्या वेगाने होत नाही. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक गळती होते आणि पुढे ती मंदावते. महिन्यानेही सुमारे एक पंचमांश उरते.

नातीने लगेच तेरा निरर्थक अक्षरगट लिहिले: कुझ, ढिप, टेम, असले काहीतरी. आम्ही ते घोकून बिनचूक म्हणून दाखविले आणि झोपलो. सकाळी चहाच्या वेळी तिने वही पुढे केली, तर आम्हांस पाच आठवले. मग तिने आमच्या नोकरीतल्या बदल्यांची गावे क्रमाने विचारली, ती मात्र सर्व सांगता आली. आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो, "सिद्ध झाले तर मग." ती म्हणाली, "नाही आबा. तुम्ही एकटेच आहात, आणि गावे तुम्ही चाळीस वर्षे घोकता आहात. याने काही सिद्ध होत नाही." एबिंगहाउसही एकटाच होता, हे आम्ही तिच्या निदर्शनास आणून दिले. त्यावर तिचे उत्तर, "म्हणून तर मागाहून इतरांनी ते पुन्हा करून पाहिले."

वाचकहो, हे वाक्य आम्हांस फार मोलाचे वाटते. दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात तिला पुराव्याविषयी असा संशय कोणी शिकविला नव्हता. रसायनशास्त्राच्या प्रयोगात उत्तर पुस्तकात आधीच दिलेले असते आणि ते आले नाही तर मूल आपल्या वहीत आकडा दुरुस्त करते. माणसाच्या मनाच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण पुढच्या घरचा माणूस वेगळे उत्तर देतो. हा विषय सोळाव्या वर्षी शिकविण्याचे हे एक कारण झाले. दुसरे कारण त्याहून सरळ आहे. रात्रभर पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणारा आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागणारा अधिक लक्षात ठेवतो, हे या शास्त्राने पुनःपुन्हा पडताळून पाहिले आहे. नीटच्या शिकवणीवर आपण लाखो रुपये खर्चितो आणि शिकावे कसे, याचे जे शास्त्र आहे ते तेवढे निरुपयोगी मानतो!

हे शास्त्र परके आहे, या आक्षेपालाही उत्तर आहे. वुंट याने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९१६ च्या सुमारास, म्हणजे चाळीस वर्षेही उलटली नव्हती. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने याने १९०५ साली मुलांच्या बुद्धीची चाचणी तयार केली, ती कोणाला हिणविण्यासाठी नव्हे, तर शाळेत ज्यांना वेगळ्या साहाय्याची गरज आहे अशी मुले ओळखण्यासाठी. ती चाचणी अमेरिकेत गेली, आणि तेथील आवृत्तीवरून धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ साली आपल्याकडील मुलांसाठी रूपांतर केले. कोणत्या मुलांसाठी? मराठी आणि कानडी बोलणाऱ्या. धारवाड हा तेव्हाच्या मुंबई इलाख्याचा भाग, दोन भाषांच्या शिवेवरचा, जशी आपली कटंगी आहे. परक्या मुलाचे प्रश्न आपल्या मुलाला विचारून त्याला मंद ठरविता येत नाही, हे कामतांनी ओळखले आणि एकाच शहरातल्या दोन भाषांसाठी वेगवेगळे काम केले. पुढे ही चाचणी बिने-कामत नावाने देशभर वापरली गेली.

हे वाचले त्या दिवशी आम्हांस आपल्या तालुक्यातल्या पहिलीच्या वर्गांची आठवण झाली. मूल घरी मराठी बोलते, शेजारचे पोवारी बोलते, तिरोडीकडच्या पाड्यावरचे गोंडी बोलते. शाळेत तिघांनाही हिंदीत विचारले जाते, आणि जे गप्प राहते ते 'कमजोर' म्हणून मागच्या रांगेत जाते. नव्वद वर्षांपूर्वी धारवाडला जे उमगले ते येथे अद्याप उमगावयाचे आहे. ते उमगणारा शिक्षक बाहेरून येणार नाही. तो येथल्याच, तीन भाषा कानावर पडलेल्या मुलामुलींतून तयार व्हावा लागेल, आणि त्याची सुरुवात अकरावीत व्हावी लागेल.

येथवर जे लिहिले ते कोजागिरीच्या गप्पांतही सांगता आले असते. पुढचे तेव्हा सांगता आले नाही.

आमची नोकरी महसूल खात्यातली. कार्यपालक दंडाधिकारी म्हणून काही मृत्यूंचे पंचनामे आम्हांस स्वतः करावे लागत. लग्नाला सात वर्षे न झालेल्या स्त्रीचा अकाली मृत्यू झाला तर ते कर्तव्यच असे. इतर प्रकरणांत पोलिसांकडून मर्गचे कागद येत, ते वाचून, सह्या होऊन नस्तीबद्ध होत. या कागदांत मृत्यूचे कारण एका ओळीत लिहिलेले असे. 'पोटाच्या दुखण्यास कंटाळून.' 'डोक्यावर परिणाम झाल्याने.' 'घरगुती वादातून.' 'कारण अज्ञात.' पोटाच्या दुखण्याने इतकी माणसे जगाला कंटाळतात, याचे आश्चर्य आम्हांस तेव्हा कसे वाटले नाही, ते आज सांगता येत नाही. कागद यावयाचा, सही व्हावयाची.

त्यांतील एक कागद विसरता येत नाही. गाव सांगत नाही, साल सांगत नाही. मुलगा सतरा वर्षांचा. बाप समोर बसून सांगत होता की, तीन महिन्यांपासून पोराचे जेवण तुटले होते, रात्री उठून अंगणात येरझारा घालीत असे, मित्रांकडे जाणे सोडले होते, आवडती सायकल धाकट्याला देऊन टाकली होती. आम्हांला वाटले, अभ्यासाचे टेन्शन असेल, परीक्षा झाली की निवळेल. हे सारे ऐकून आमच्या कारकुनाने कागदावर लिहिले, 'परीक्षेतील अपयशामुळे', आणि आम्ही सही केली. निकाल लागावयास तेव्हा अवकाश होता. तो मुलगा नापास झालेलाच नव्हता. हे आमच्या ध्यानात आले ते कित्येक महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी नस्ती उघडली असता.

बापाने जे सांगितले ते या विषयाच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात जवळजवळ त्याच क्रमाने छापलेले आहे. भूक जाणे, झोप उडणे, माणसे टाळणे, प्रिय वस्तू देऊन टाकणे. नातीने तो पाठ वाचावयास घेतला, तेव्हा आम्ही तिला मध्येच थांबवून पुस्तक मिटावयास सांगितले आणि पाणी मागितले. तिला कारण सांगितले नाही. ती हा लेख वाचील तेव्हा तिला कळेल.

हा विषय शाळेत असता तर तो मुलगा वाचला असता, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे लबाडी होईल. अशा मृत्यूला एकच एक कारण नसते आणि पाठ्यपुस्तक हे औषध नव्हे. परंतु त्या घरात, त्या वर्गात, त्या पोलीस ठाण्यात आणि आमच्या कचेरीत मिळून एकाही माणसाजवळ त्या मुलाला काय होत होते याला शब्द नव्हता, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. शब्द असता तर कोणी तो उच्चारला असता. कदाचित डॉक्टरकडे नेले असते. कदाचित नसतेही.

आकडे थोडक्यात देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्र १,८३४ सह पहिला आणि आमचा मध्य प्रदेश १,३०८ सह दुसरा. आपण ज्या राज्यातून आलो आणि ज्या राज्यात राहतो, ती दोन्ही ओळीने वरच! बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत सर्वेक्षण केले. त्यात तेरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि प्रौढांत बहुतेक विकारांच्या बाबतीत उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के निघाले. कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावयास सांगितले. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेबरोबर गेले. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून चालू आहे. हा क्रमांक प्रत्येक घरी भिंतीवर लिहून ठेवावा. नापास विद्यार्थ्यांना पुन्हा संधी देणारी 'रुक जाना नहीं' ही आपल्या राज्याची २०१६ ची योजनाही चांगलीच. पण ती गुणपत्रिका सावरते. मूल सावरण्याचे काम तिच्याकडे नाही.

आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यात आहे. शंभर विद्यार्थी! आपल्या तालुक्यात या मापात न बसणारी हायर सेकंडरी शाळा शोधावी लागेल. आता हे समुपदेशक कोठून आणावयाचे? चिकित्सक म्हणून परवाना हवा तर पदवी, पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण घ्यावे लागते. साधा समुपदेशक म्हटला तरी पाच-सहा वर्षे जातात. भोपाळ-इंदूरचा पदवीधर कटंगीला येऊन राहील, आणि आला तरी बदली मागणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागा आठवाव्यात. 'याला नोकरी कोठे आहे' असे विचारणाऱ्यांना यापेक्षा अधिक उत्तर आम्ही देत नाही.

आता आमच्या बाजूच्याही एका धोक्याविषयी बोलणे भाग आहे. हा विषय आला की त्याच्या नावाखाली व्याख्याने सुरू होतील, ही भीती आम्हांस आहे. हल्ली शाळांतून 'प्रेरणादायी' वक्ते येतात, मुलांना डोळे मिटावयास लावतात, आईबापांच्या कष्टांची आठवण देऊन रडवितात आणि मानधन घेऊन पुढच्या गावी जातात. ते मानसशास्त्र नव्हे. रडलेले मूल दुसऱ्या दिवशी तसेच असते. फक्त आता त्याला आपण आईबापांचे ओझे आहोत हे पक्के कळलेले असते. दुसरा धोका अर्धवट ज्ञानाचा. पुस्तक आणल्यावर आठच दिवसांत नातीने आपल्या काकूला 'चिंताविकृती', आम्हांस 'दुराग्रही व्यक्तिमत्त्व' आणि शेजारच्या काकांना आणखी काहीतरी ठरवून टाकले होते. यासाठीच तर शिक्षक हवा. चांगला शिक्षक पहिल्या तासाला सांगतो की निदान करणे हे आपले काम नव्हे. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याकडून एका व्यक्तीचा तपशीलवार वृत्तान्त लिहून घेतात. त्यात बघणे, विचारणे, टिपणे आणि निष्कर्षाची घाई न करणे हेच शिकावयाचे असते. पंचनामा लिहावयास बसण्यापूर्वी आम्हांस कोणी हे शिकविले असते तर बरे झाले असते.

भाषेचा मुद्दा राहिला. हिंदी पुस्तक 'मनोविज्ञान' म्हणते, मराठी 'मानसशास्त्र'. ज्याला मराठी पुस्तकात 'ताण' म्हटले आहे त्याला हिंदीत 'दबाव' आढळतो. 'भावना' तिकडे 'संवेग' होते. नातीने दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून एक वही केली आहे. ती म्हणते, ताण आतून असतो आणि दबाव बाहेरून येतो असे वाटते, मग खरे कोणते? आम्हांस उत्तर आले नाही. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न सुचतो, एका भाषेतल्याला तो सुचणे कठीण. आपल्या मुलांची मराठी सुटत चालली म्हणून आपण प्रत्येक वार्षिक सभेत हळहळतो. तिला मनाचे काम द्या, ती सुटणार नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी माणसाने या बाबतीत काहीच केले नाही असेही नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी काढली ती मानसशास्त्राच्या पायावर. अवचट दांपत्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता वागवीत आले, ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. दिवाळी अंकांतून आपण हे सारे वाचतो, वाहवा करतो आणि आपल्या मुलीने तोच विषय मागितला की घरात कोणाचे बिघडले ते विचारतो.

यामागे आणखी एक भीती आहे, ती कोणी बोलून दाखवीत नाही म्हणून आम्ही लिहितो. मुलगी मानसशास्त्र शिकते म्हटले की उद्या स्थळ बघणारे चौकशी करतील, की हिच्या घराण्यात वेडाचा अंश तर नाही? आपल्या जुन्या घराण्यांत, अगदी आमच्यासुद्धा, माडीवरची एखादी बंद खोली होती आणि तिच्यातल्या आत्याबद्दल मुलांनी विचारावयाचे नसे. ती आत्या कशाने आजारी होती हे आज कोणीच सांगू शकत नाही, कारण कोणी विचारलेच नाही. सोयरीक जुळावी म्हणून आपण तीन पिढ्या मौन पाळले. सोयरिकी जुळल्या. खोल्याही राहिल्या.

प्राचार्यांनी दहा मुले मागितली आहेत. ते आपला शब्द पाळतील किंवा नाही, वरून पद मिळेल किंवा नाही, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. अर्ज कसा लिहावा, कोणाकडे न्यावा आणि उत्तर न आल्यास किती दिवसांनी स्मरणपत्र द्यावे, एवढे मात्र आम्हांस चांगले येते. यंदा दहावीला असलेल्या ज्या मुलामुलींना हा विषय हवा आहे, त्यांच्या पालकांची सही असलेली यादी आम्ही करीत आहोत. ती आमच्या ओसरीवरच्या टेबलावर ठेवलेली आहे. सकाळी आठ ते दहा आम्ही तेथेच असतो. शिक्षक मिळेपर्यंत मंडळाच्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी बालभारतीची पुस्तके वाचण्याचा प्रस्तावही आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत. आजमितीस यादीत चार नावे आहेत. दोन पोवार घरांतली, एक हिंदी भाषक शिक्षकाच्या मुलीचे आणि एक आपल्यापैकी. आमच्या नातीचे नाव त्यात येऊ शकत नाही, ती आता बारावीत जाईल. यादीचा कागद मात्र तिनेच आखला आहे, आणि रकाने दहा ठेवले आहेत.